ऐन प्रेझेंटेशनच्या वेळी प्रोजेक्टर रुसतो तेव्हा: दर सेमिस्टरचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

"मॅडम, घरी चालत होतं."

हे वाक्य मी दर सेमिस्टरला ऐकते. सुरुवातीला वाटायचं, नाचता येईना अंगण वाकडं. मग लक्षात आलं की आमचं अंगण खरंच वाकडं आहे. पोरांचं घरी खरंच चालत असतं. पण घरचा (किंवा मावसभावाचा) लॅपटॉप, त्यातला फॉन्ट, त्याची केबल, यातलं काहीच वर्गात नसतं.

मी एका जिल्ह्याच्या गावी पदवी महाविद्यालयात भूगोल शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झालं तसे फील्ड प्रोजेक्ट आले आणि प्रेझेंटेशनं वाढली. प्रोजेक्टर मात्र जुनाच राहिला. काही वर्षांपूर्वी मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायला लागले: कोणत्या दिवशी काय बिघडलं, कशानं सुरू झालं. पानं भरली तसं दिसलं की तेच ते चारपाच घोळ फिरून फिरून येतात. ते सगळे इथे लिहिते. पण त्याआधी एक गोष्ट, जी कुठल्याही केबलपेक्षा जास्त कामाला आली.

बोलणाऱ्याच्या हातात केबल द्यायची नाही

एक मुलगा आठवतो. इस्त्रीचा शर्ट घालून, कागदावर मुद्दे काढून आलेला. पडद्यावर काहीच येईना म्हणून तो टेबलाखाली वाकला, वायरी चाचपत बसला. वर आला तेव्हा गुडघ्यांना धूळ, कपाळाला घाम, आणि दहातली सात मिनिटं गेलेली. उरलेल्या तिनात त्याने सगळं घडाघडा म्हणून टाकलं. त्याचा विषय काय होता ते मला आज आठवत नाही. तेव्हा तरी मला कळला होता की नाही, शंकाच आहे.

तेव्हापासून वर्गात नियम केला. दुरुस्ती करणारे दोघं आधीच ठरलेले असतात. ज्यांचं प्रेझेंटेशन त्या दिवशी नाही, असे दोघं. बिघाड झाला की ते उठतात, बोलणारा जागचा हलत नाही. घड्याळ थांबतं. दोन मिनिटांत जमलं तर ठीक, नाहीतर बोलणारा पडद्याविना सुरू करतो आणि मागे दुरुस्ती चालू राहते. मधेच चित्र आलं तर त्याने पहिल्या स्लाइडपासून यायचं नाही. चौथ्या मुद्द्यावर असेल तर स्लाइड शो चालू असताना ४ दाबून एंटर, थेट चौथी स्लाइड. आणि पडद्यावर आमची धडपड दिसायला नको असेल तर स्लाइड शोमध्ये 'बी' दाबलं की पडदा काळा, परत दाबलं की चित्र हजर. ही 'बी'ची युक्ती मला एका विद्यार्थ्यानेच शिकवली.

हे जमायला बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी कागद लागतो. पॉवरपॉइंटमधून प्रिंट काढताना 'हँडआउट्स'मध्ये एका पानावर सहा स्लाइड घ्यायच्या. बारा स्लाइडची दोन पानं होतात. तीन प्रती: एक स्वतःला, एक मला, एक एक्स्टर्नलना (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना). झेरॉक्सचा खर्च चहाएवढा. नकाशा किंवा आलेख असेल तर मात्र त्याला पूर्ण पान द्यायचं, सहातल्या एका चौकटीत तालुक्याचा नकाशा म्हणजे नुसता डाग दिसतो.

'नो सिग्नल'

सगळ्यात जास्त वेळा हेच. लगेच लॅपटॉप रिस्टार्ट करू नका, त्यात चार मिनिटं जातात आणि बहुतेकदा उपयोग होत नाही. या क्रमाने बघा.

आधी प्रोजेक्टरचा सोर्स, म्हणजे कुठल्या भोकातून चित्र घ्यायचं ते. आमच्याकडे कॉम्प्युटर १, कॉम्प्युटर २ आणि एचडीएमआय असे तीन आहेत, आणि आदल्या तासाला कुणीतरी बदलून गेलेलं असतंच. रिमोटचे सेल गेलेले असतील (असतातच) तर प्रोजेक्टरच्या अंगावर बटण असतं. तो छताला टांगलेला असला तर बेंचवर चढण्याऐवजी लांब डस्टर किंवा झाडूचा दांडा वापरा, हळू हाताने.

मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि 'पी' एकदम. उजवीकडे चार पर्याय येतात, त्यातला 'डुप्लिकेट' (दोन्ही पडद्यांवर तेच चित्र) घ्या. पडद्यावर नुसतं वॉलपेपर दिसतंय आणि आयकॉन एकही नाही, असं असेल तर बिघाड काहीच नाही, लॅपटॉप 'एक्स्टेंड'वर (दोन पडद्यांवर वेगळं चित्र) आहे. पोरं इथे फार घाबरतात, त्यांना वाटतं फाइली उडाल्या.

वर्गात मी 'डुप्लिकेट'च ठेवते. 'एक्स्टेंड'वर पॉवरपॉइंट प्रेझेंटर व्ह्यू उघडतो, म्हणजे टिपणं एका पडद्यावर आणि स्लाइड दुसऱ्यावर. सोय छान आहे, पण कधी कधी अदलाबदल होते आणि 'इथे थोडं थांबायचं, मॅडमकडे बघायचं' ही खासगी टीप सगळ्या वर्गाला दिसते. दिसली आहे.

तिसरं, केबल. आमचा प्रोजेक्टर व्हीजीएचा (जुन्या पद्धतीचा, पिनांचा प्लग), नव्या लॅपटॉपांना ते भोकच नाही, त्यांना एचडीएमआयचं (नव्या पद्धतीचं, चपटं) असतं, म्हणून मधे कन्व्हर्टर लागतो. इथे दुकानात फसगत होते. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर वेगळा, व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा वेगळा. दिसायला सारखेच, पण प्रत्येक जण फक्त आपल्याच एका दिशेने चालतो, उलट नाही. लॅपटॉप एचडीएमआयचा आणि प्रोजेक्टर व्हीजीएचा असेल तर पहिला हवा. आम्ही एकदा उलटा आणला आणि अख्खी सकाळ लॅपटॉपला दोष देत बसलो. नुसती दोन टोकांची साधी केबलही चालत नाही, कारण एचडीएमआयचा डिजिटल सिग्नल व्हीजीएसाठी बदलून द्यावा लागतो आणि त्याला आत चिप लागते. काही कन्व्हर्टरांना एचडीएमआयमधून मिळणारी वीज पुरत नाही, त्यांच्या अंगावर छोटं यूएसबी भोक असतं. तिथे मोबाइल चार्जरची पिन लावली की चित्र येतं.

चित्र आलं पण सगळं पिवळं, गुलाबी किंवा निळसर-हिरवं असेल तर व्हीजीएच्या प्लगमध्ये डोकवा. पिवळं म्हणजे निळ्या रंगाची तार तुटली किंवा पिन वाकली. गुलाबी-जांभळं म्हणजे हिरव्याची, निळसर-हिरवं म्हणजे लाल रंगाची. तीन ओळींत मिळून पंधरा जागा असतात. मधल्या ओळीत एक पिन मुळातच नसली तर घाबरू नका, नववी पिन बऱ्याच केबलींना नसतेच. वाकलेली पिन बॉलपेनची रिकामी नळी घालून सरळ होते. आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळायचे. आमच्याकडे ते कधीच कुणी आवळत नाही.

'आउट ऑफ रेंज' किंवा 'नॉट सपोर्टेड' आलं तर लॅपटॉप १९२०×१०८० चं चित्र पाठवतोय आणि प्रोजेक्टरला ते पेलत नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०२४×७६८ करा. स्लाइड मुळातच ४:३ मापात केलेली असेल तर जुन्या प्रोजेक्टरवर पडदा पूर्ण भरतो. १६:९ मध्ये केली की वर-खाली काळे पट्टे येतात आणि अक्षरं बारीक होतात. मागच्या बाकाला वाचता येत नाही, आणि मग मागच्या बाकाचं जे व्हायचं ते होतं.

एवढं करूनही लॅपटॉपचा पडदा काळाच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' अशी चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा लुकलुकतो. उघडलेली फाइल तशीच राहते.

मराठीची एबीसीडी झाली

हे खास आपलं दुखणं. यंत्राचा यात काही दोष नसतो, म्हणून दोन मिनिटांत सुटतही नाही.

एका मुलीने स्वतःच्या गावातल्या विहिरींच्या पाणीपातळीवर प्रकल्प केला होता. दोरीला दगड बांधून, गाठी मारून, प्रत्येक विहीर स्वतः मोजलेली. घरी लॅपटॉप नाही, म्हणून तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून स्लाइड टाइप करून आणल्या. आमच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर शीर्षकाच्या जागी इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, कंस आणि एक डॉलरचं चिन्ह. ती पडद्याकडे बघत राहिली. वर्ग हसला. मी वर्गावर ओरडले, त्याने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यामागचं कारण एकदा समजून घेतलं की पुन्हा फसायला होत नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट. त्यांत टाइप करता तेव्हा फाइलीत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक जातात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. म्हणूनच सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट दिला तरी मराठी होत नाही. आत मराठी नाहीच, मंगल तरी काय करणार? युनिकोडचं तसं नाही. तिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो. मंगल, निर्मला यूआय, मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, यातला कुठलाही फॉन्ट असो, अक्षर बदलत नाही, फक्त वळण बदलतं.

फाइल कोणत्या जातीची आहे हे ओळखायची सोपी खूण: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड. एबीसीडी दिसली तर जुना फॉन्ट.

जुना असेल तर तीन वाटा. डीटीपीवाल्याकडेच त्याच फाइलची पीडीएफ करून घ्या. त्याच्याकडे फॉन्ट आहे, पीडीएफमध्ये तो सोबत येतो, काम दोन मिनिटांचं. फक्त व्हिडिओ आणि ॲनिमेशन जातं. जाऊ दे, उडत येणाऱ्या अक्षरांनी आजवर कुणाचा मार्क वाढलेला नाही. दुसरी वाट, फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर सोबत आणून कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाकणे. पण लॅबच्या कॉम्प्युटरला ॲडमिनचा पासवर्ड असतो आणि तो ज्यांना माहीत आहे ते सर त्या दिवशी रजेवर असतात. तिसरी, फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टर सॉफ्टवेअरमधून (केबलचा नव्हे) मजकूर युनिकोड करणे. ही आदल्या रात्रीची वाट, ऐनवेळची नाही, कारण नंतर ओळ न् ओळ वाचावी लागते. ऱ्य आणि रफार हमखास घोळ करतात. 'वाऱ्याची दिशा'ची 'वार्याची दिशा' झाली तर वर्गाला चालेल, मला चालत नाही.

युनिकोडमध्ये केलेली फाइलही थोडी दगा देते, पण परवडणारा. मोबाइलवर केलेल्या स्लाइडमधला फॉन्ट लॅबमध्ये नसला की विंडोज दुसरा घालतं, तो जरा रुंद किंवा उंच असतो, आणि शेवटची ओळ स्लाइडबाहेर जाते. म्हणून खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडायची. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' अशी चौकट आहे, तिथे खूण केली की बहुतेक फॉन्ट फाइलीसोबतच जातात.

त्या मुलीचं पुढे काय, असं विचाराल. त्या दिवशी तिचं काहीच झालं नाही. तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं, तिने पीडीएफ आणली, बरी बोलली. पण एक्स्टर्नल पहिल्या दिवशीच येऊन गेले होते. तो प्रसंग मी वहीत लिहिलेला नाही, तरी पान न उलटता आठवतो.

पेनड्राइव्हमध्ये फाइलच नाही

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला की वर्गात नुसते शॉर्टकट दिसतात. बाणाची खूण असलेले ते आयकॉन उघडू नका, व्हायरस तिथेच बसलेला असतो. फाइली बहुतेकदा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'व्ह्यू'खाली लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि त्याखालची 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही खूण काढा. दुसरी खूण लोक विसरतात आणि फाइल गेली म्हणून रडत बसतात. सापडली की डेस्कटॉपवर कॉपी करा आणि तिथूनच चालवा. एरवीही प्रेझेंटेशन थेट पेनड्राइव्हवरून चालवू नये, कुणाचा तरी कोपर लागतोच.

"माझ्या जीमेलवर आहे मॅडम" हे त्याहून वाईट. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला गेलं की ओळख पटवायला मोबाइलवर कोड येतो, आणि मोबाइल आम्हीच दाराशी जमा करून घेतलेले असतात. लॉगिन झालंच तर लॉगआउट करायचं राहतं आणि दुपारच्या बॅचला तुमचा अख्खा इनबॉक्स दिसतो. कॅनव्हावर (ऑनलाइन स्लाइड करायची साइट) काम करणाऱ्यांचंही तेच: नेट असेल तर स्वर्ग. रात्रीच पीडीएफ उतरवून घ्या.

मी आता आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत सगळ्यांच्या फाइली मागवते. नाव रोल नंबरने, जागा एकच, वर्गातल्याच कॉम्प्युटरवर. पाचपर्यंत मी स्वतः प्रत्येकीची पहिली आणि शेवटची स्लाइड उघडून बघते. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मोबाइलवरून दाखवणं

लॅपटॉप नसलेली मुलं विचारतात, केबल लावून मोबाइलच प्रोजेक्टरला जोडता येईल का? टाइप-सी भोक असलं म्हणून चित्र बाहेर येतंच असं नाही. त्यासाठी मोबाइलमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (त्याच भोकातून चित्र बाहेर पाठवायची सोय) लागतो आणि स्वस्त मोबाइलांत तो सहसा नसतो. तेव्हा कन्व्हर्टरवर पैसे घालवू नका. चार्जिंगच्याच केबलने मोबाइल कॉम्प्युटरला जोडा, मोबाइलवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि फाइल उतरवून घ्या. केबल मात्र डेटावाली हवी. काही केबली फक्त चार्जिंगच करतात.

व्हिडिओ, आवाज

व्हिडिओची फाइल वेगळी सोबत ठेवायचीच. पॉवरपॉइंट २००७ मध्ये व्हिडिओ स्लाइडमध्ये बसत नाही, फक्त त्याचा पत्ता बसतो. पेनड्राइव्हवर एकटी पीपीटी आणली की पत्त्यावर कुणी नाही. २०१० पासून व्हिडिओ आत बसतो, पण आमच्या लॅबमध्ये अजून जुनी मंडळी आहेत. चित्र चालतंय पण आवाज नाही, तर व्हीजीएमधून आवाज जातच नाही, स्पीकरची वेगळी वायर लागते. एचडीएमआय असेल तर खाली स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठे जातोय ते बघा. लॅपटॉप बऱ्याचदा तो प्रोजेक्टरकडे पाठवतो, आणि प्रोजेक्टरचा स्पीकर म्हणजे डब्यातली माशी.

लाइट गेली

जुन्या प्रोजेक्टरचा दिवा पाऱ्याच्या वाफेचा असतो. लाइट जाऊन लगेच आली तरी तापलेला दिवा लगेच पेटत नाही, तो आधी गार व्हावा लागतो. बटण पुन्हा पुन्हा दाबून काही होत नाही, दिव्याचं आयुष्य मात्र कमी होतं. त्या चारपाच मिनिटांत पुढचा विद्यार्थी पडद्याविना सुरू करा. तास संपल्यावरही मेन स्विच एकदम बंद करायचा नाही, पंखा थांबेपर्यंत थांबायचं. लाल दिवा लुकलुकून प्रोजेक्टर स्वतःच बंद पडत असेल तर बहुधा जाळीत धूळ आहे. आमच्या जाळीतून निघालेल्या धुळीची गादी झाली असती.

आमच्या भागात देखभालीसाठी लाइट जाण्याचा वार ठरलेला आहे. तरी वर्षानुवर्षं वेळापत्रक करताना त्याच वाराला प्रेझेंटेशनं ठेवली जायची. हे माझ्या लक्षात यायला वहीची सहा पानं जावी लागली.

मार्कांचं

माझ्या जुन्या गुणतक्त्यात 'तांत्रिक सादरीकरण: ५ गुण' असा रकाना होता. मीच घातलेला. तो कोणाला मिळतो हे एकदा नीट पाहिलं, तर ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांनाच. रकाना काढला, ते पाच गुण 'प्रश्नांना दिलेली उत्तरं' याला दिले. डिपार्टमेंटमध्ये यावरून जरा वाजलं. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, बाहेरच्या जगात तंत्रज्ञान लागतंच, सवय नको का? सवय हवी, पटतं. पण ती आम्ही शिकवलेली नाही, मग तपासायची कशी? आता पहिल्या आठवड्यात एक तास नुसता केबली लावण्या-काढण्याचा घेते. सगळ्यांनी एकदा तरी 'नो सिग्नल' घालवून दाखवायचं.

राहता राहिला आमचा डबा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात बरोबर दिशेचा एक कन्व्हर्टर, व्हीजीए आणि एचडीएमआय केबल, डेटावाली चार्जिंगची वायर, रिमोटसाठी दोन सेल, रिकामा पेनड्राइव्ह, आवाजाची वायर आणि खडूचे चार तुकडे. कन्व्हर्टर दोनदा हरवल्यावर आमच्या शिपाई मामांनी त्याला सुतळीने डब्यालाच बांधून टाकलं. डबा कपाटात, कपाटाची किल्ली ऑफिसात. प्रेझेंटेशन सकाळी साडेसातला असतं, ऑफिस दहाला उघडतं. म्हणून दुसरी किल्ली करून घेतली, ती माझ्या पर्समध्ये असते.